ईश्वराचा पुरावा कोणी द्यावयाचा?

वर्षावासाच्या काळात विहाराविहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. ईश्वरविषयक प्रकरण आले की श्रोत्यांमधून एक प्रश्न हमखास पुढे येतो. विचारणारा बहुधा महाविद्यालयात शिकणारा तरुण असतो. तो म्हणतो, ईश्वर आहे हे कोणी सिद्ध केलेले नाही, हे मान्य. परंतु तो नाही हे तरी आपण कोठे सिद्ध केले आहे? मग ईश्वर मानणे ही जशी एक श्रद्धा, तशीच ईश्वर न मानणे हीही एक श्रद्धाच नव्हे काय?

हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्यास ‘बाबासाहेबांनी सांगितले म्हणून’ एवढेच उत्तर देणे हे स्वतः बाबासाहेबांनाही रुचले नसते. शिवाय या प्रश्नाचे समाधान न झाल्यास त्याचे परिणाम पुस्तकापुरते राहत नाहीत. एक तर बावीस प्रतिज्ञा मुखाने म्हटल्या जातात आणि घरात कोणी आजारी पडले की मन चोरपावलांनी पुन्हा नवसाकडे वळते. नाहीतर तो तरुण ‘कोणास ठाऊक’ असे म्हणून सगळ्याच गोष्टींतून मोकळा होतो. त्याच्या लेखी ईश्वरही संशयित, धम्मही संशयित आणि अन्यायाचा प्रतिकारही संशयित. पहिली अवस्था अंधश्रद्धेची, दुसरी निष्क्रिय संशयवादाची. या दोहोंपासून वेगळी अशी बौद्ध प्रमाणविचाराची भूमिका कोणती, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सेवाग्रामचा संवाद

या विषयावरील एक अत्यंत महत्त्वाचा संवाद आपल्या वर्धा जिल्ह्यातच झालेला आहे, याचे स्मरण फारसे केले जात नाही. गोपराजू रामचंद्र राव (१९०२–१९७५) हे आंध्रमधील एक नास्तिक कार्यकर्ते. ‘गोरा’ या संक्षिप्त नावानेच ते सर्वत्र ओळखले जात. ते वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. नास्तिक मतांपायी त्यांना नोकरी गमवावी लागली. १९४० मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नी सरस्वती गोरा यांनी कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर या खेड्यात नास्तिक केंद्र सुरू केले. सहभोजन, प्रौढशिक्षण आणि अस्पृश्यतानिवारण हे त्या केंद्राचे प्रत्यक्ष कार्य होते.

गोरांनी १९३० मध्येच गांधीजींना पत्र लिहून ‘ईश्वर’ या शब्दाचा आपण कोणता अर्थ घेता, असे विचारले होते. ईश्वर मानवी आकलनाच्या पलीकडचा आहे, अशा आशयाचे संक्षिप्त उत्तर त्यांना मिळाले. पुढे १९४४ च्या अखेरीस त्यांची व गांधीजींची सेवाग्राम येथे भेट झाली आणि त्यानंतरही संवाद चालू राहिला. या संवादाचा वृत्तांत गोरांनी स्वतः लिहिला व तो १९५१ मध्ये नवजीवन प्रकाशनाने प्रसिद्ध केला.

या संवादात गोरांनी ईश्वराच्या अस्तित्वाविषयी शुष्क तर्क मांडला नाही. त्यांनी १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाचा दाखला दिला. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे अन्नावाचून मरत होती आणि त्याच रस्त्यांवरील दुकानांत खाद्यपदार्थ भरलेले होते. मरणारा आपल्या दशेला दैवाची इच्छा मानत होता आणि पोट भरलेला आपल्या सुखालाही दैवाचीच कृपा मानत होता. ईश्वरावरील श्रद्धेने दोघांचेही हात बांधले गेले होते. ही श्रद्धा नसती तर भुकेलेला अन्न मागण्यास उभा राहिला असता, असा गोरांच्या प्रतिपादनाचा आशय होता. यावर गांधीजींनी वाद जिंकण्याचा प्रयत्न केला नाही. आपला आस्तिकवाद बरोबर आणि तुमचा नास्तिकवाद चूक, असे मी म्हणू शकत नाही. आपण दोघेही सत्याचे शोधक आहोत, अशी भूमिका त्यांनी घेतली.

ही भूमिका उदार आहे, यात शंका नाही. परंतु ती प्रश्न सोडवीत नाही, पुढे ढकलते. दोन परस्परविरोधी मते समोर असता दोन्हींना समान मान देणे ही सभ्यता झाली. परंतु त्यांपैकी कोणत्या मतावर पुराव्याचे ओझे आहे आणि कोणते मत माणसास कोठे नेते, ही तपासणी शिल्लकच राहते. अशी तपासणी या देशात अडीच हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली होती.

संशयाचे दोन प्रकार

बुद्धकाळात संजय बेलट्ठिपुत्त नावाचे एक आचार्य होते. परलोक आहे काय, असे विचारले असता ते ‘आहे’ म्हणत नसत, ‘नाही’ म्हणत नसत, ‘आहेही आणि नाहीही’ असेही म्हणत नसत. सामञ्ञफल सुत्तात त्यांच्या मताचा वृत्तांत आहे. हातात न सापडणाऱ्या निसरड्या माशाप्रमाणे सटकणाऱ्या अशा वादास पालि वाङ्मयात ‘अमराविक्खेप’ असे नाव दिलेले आहे. पाश्चात्त्य जगात पायर्‍हो या ग्रीक तत्त्वज्ञाने निर्णय स्थगित ठेवण्याचा असाच मार्ग पुरस्कारिला. तो अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतापर्यंत आला होता, असे परंपरा सांगते.

सारिपुत्त व मोग्गल्लान हे प्रथम संजयांचेच शिष्य होते. संशय कसा घ्यावा हे त्यांना उत्तम ठाऊक होते. तरीही ते संजयांना सोडून तथागतांकडे आले. कारण संशय हा घराचा उंबरठा आहे, निवासस्थान नव्हे. उंबरठा ओलांडल्याशिवाय घरात जाता येत नाही, आणि आयुष्यभर उंबरठ्यावर बसूनही राहता येत नाही.

केसपुत्त येथील कालामांनी तथागतांना आपली अडचण सांगितली, तेव्हा तथागतांनी त्यांच्या संशयास दोष दिला नाही. जेथे शंका घेण्यासारखी स्थिती आहे तेथे शंका येणे योग्यच, असे ते म्हणाले. परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथ किंवा गुरूचा अधिकार यांपैकी कशाच्याही आधारावर एखादे मत स्वीकारू नका, असे सांगून ते तेथेच थांबले नाहीत. लोभ, द्वेष व मोह यांचा परिणाम हिताचा होतो की अहिताचा, हे तुम्ही स्वतः तपासा, असा निकष त्यांनी हाती दिला. कालामांचा संशय चौकशीत उतरला व चौकशी आचरणात उतरली. बौद्ध संशय आणि संजयांचा संशय यांतील भेद तो हाच.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. बुद्धांनी ईश्वराविषयी मौन पाळले, असे अनेक विद्वान आजही लिहितात. ज्या प्रश्नांना तथागतांनी उत्तर देण्याचे नाकारले, ते ‘अव्याकृत’ प्रश्न पालि सुत्तांत दहा आहेत. जग शाश्वत की अशाश्वत, सांत की अनंत, जीव व शरीर एक की भिन्न, तथागत मरणोत्तर असतात की नाही, अशा स्वरूपाचे ते आहेत. ईश्वराने जग निर्माण केले काय, हा प्रश्न त्या यादीत नाही. त्या प्रश्नाची तथागतांनी चिकित्सा केलेली आहे.

पुराव्याचे ओझे

तेविज्ज सुत्तात वासेट्ठ व भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्मसायुज्याचा खरा मार्ग कोणता, असा वाद घेऊन तथागतांकडे येतात. तथागत त्यांना साधा प्रश्न विचारतात. तुमच्या त्रैविद्य ब्राह्मणांपैकी कोणी ब्रह्म्यास प्रत्यक्ष पाहिले आहे काय? त्यांच्या गुरूंनी? गुरूंच्या गुरूंनी? सात पिढ्यांमागील कोणी? मंत्र रचणाऱ्या प्राचीन ऋषींनी तरी? प्रत्येक वेळी उत्तर नकारार्थी येते. मग ज्यास कोणी पाहिले नाही, त्याच्याकडे जाण्याचा मार्ग दाखविणे म्हणजे एकमेकांस धरून चाललेली आंधळ्यांची रांग होय, असे तथागत म्हणतात. पुढचा दिसत नाही, मधला दिसत नाही आणि शेवटचाही दिसत नाही, पण रांग मात्र लांबतच जाते. याच सुत्तात नदीचा दृष्टांत आहे. पुराने दुथडी भरलेल्या अचिरवतीच्या काठावर उभा राहून कोणी पलीकडच्या तीरास ‘इकडे ये’ अशी हाक मारू लागला, तर तो तीर येईल काय? आपल्या धाम किंवा वर्धा नदीच्या काठावरचा शेतकरीही याचे उत्तर सांगेल.

प्रारंभी विचारलेल्या तरुणाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. ‘अमुक वस्तू आहे’ असे जो म्हणतो, पुरावा त्याने द्यावयाचा असतो. जो पुरावा मागतो त्याच्यावर ‘ती नाही’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी येत नाही. शेताच्या मालकीचा दावा करणाऱ्यानेच सातबारा दाखवावा लागतो. ‘शेत माझे नाही हे तुम्ही सिद्ध करा’ असे म्हणून दावा टिकत नाही. ईश्वर न मानणे ही श्रद्धा नव्हे. पुराव्यावाचून संमती न देण्याचा तो संयम आहे.

ईश्वरसिद्धीचे युक्तिवाद आणि बौद्ध आचार्य

ईश्वरवाद्यांनी पुरावा देण्याचा प्रयत्न केला नाही, असे मात्र नाही. न्यायदर्शनाच्या आचार्यांनी तो मोठ्या बुद्धिसामर्थ्याने केला. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजलि’ हा संपूर्ण ग्रंथ त्यासाठीच रचला. त्यांतील मुख्य युक्तिवाद असा की घट हे कार्य आहे आणि त्यास कर्ता कुंभार आहे. पृथ्वी, पर्वत, अंकुर हीही कार्येच आहेत. म्हणून त्यांनाही कोणी बुद्धिमान कर्ता असला पाहिजे. घड्याळावरून घड्याळजीचे अनुमान करण्याचा पाश्चात्त्य युक्तिवाद याच जातीचा होय.

यास बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी सातव्या शतकातच, ‘प्रमाणवार्तिक’ या ग्रंथात, उत्तर देऊन ठेवले होते. कुंभार घट करतो हे आपण पाहिलेले असते, म्हणून घट दिसताच कुंभाराचे अनुमान करता येते. परंतु केवळ ‘मातीचा आकार’ एवढ्या साम्यावरून वारूळही कुंभारानेच केले, असे अनुमान करता येईल काय? शब्द एकच वापरल्याने वस्तू एकजातीय ठरत नाहीत. पर्वत घडविणारा कोणी कोणी पाहिलेला नाही. त्यामुळे पर्वतास ‘कार्य’ म्हटल्याने त्याचा कर्ता सिद्ध होत नाही. स्कॉटलंडमध्ये डेव्हिड ह्यूम याने जवळजवळ हाच आक्षेप मांडला. त्याचा धर्मविषयक संवादग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे धर्मकीर्तींच्या सुमारे अकराशे वर्षांनंतर. आणि प्राण्यांच्या शरीररचनेस बाह्य कारागीर लागत नाही, ती नैसर्गिक निवडीने घडत जाते, हे डार्विनने १८५९ मध्ये दाखवून दिल्यावर या युक्तिवादाचा सर्वांत भक्कम खांबही ढासळला.

धर्मकीर्तींचा दुसरा दृष्टांत वैद्यकातील आहे. शस्त्राने जखम झाली, औषधाने ती भरून आली. येथे शस्त्र व औषध ही कारणे दिसतात. यांच्याशी ज्याचा काहीही संबंध दिसत नाही त्यालाही कारण म्हणावयाचे असेल, तर शेजारच्या लाकडी खुंटालाच कारण का म्हणू नये? ‘डॉक्टरांनी वाचविले, पण खरे वाचविले देवानेच’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा दृष्टांत मनन करण्यासारखा आहे.

वसुबंधूंचा आक्षेप यापेक्षाही मूलगामी आहे. ईश्वर हे एकमेव कारण असेल तर सर्व वस्तू एकाच वेळी उत्पन्न व्हावयास हव्या होत्या. परंतु त्या क्रमाने उत्पन्न होतात. हा क्रम इतर प्रत्ययांमुळे येतो असे म्हणावे, तर ते प्रत्ययच कारण ठरतात आणि ईश्वर अनावश्यक होतो. हा प्रतीत्यसमुत्पादाचा तर्कशुद्ध परिणाम होय.

ही परंपरा अकराव्या शतकातील विक्रमशीलेच्या रत्नकीर्तींपर्यंत अखंड चालली. त्यांच्या एका ग्रंथाचे नावच ‘ईश्वरसाधनदूषण’ असे आहे. पुढे महाविहार नष्ट झाले व हे ग्रंथ भारतातून लुप्त झाले. ‘प्रमाणवार्तिका’ची संस्कृत हस्तलिखिते महापंडित राहुल सांकृत्यायन यांनी विसाव्या शतकात तिबेटमधून शोधून आणली. त्यांचे निकटचे सहकारी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या कार्यासाठी अनेक वर्षे वर्ध्यात वास्तव्य केले. जातकांचे हिंदी भाषांतर त्यांनीच केले आणि बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथही हिंदीत आणला. पालि विद्येचे महाराष्ट्रातील आद्य आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे देहावसान जून १९४७ मध्ये सेवाग्रामलाच झाले. हा विचार आपल्या जिल्ह्याला परका नाही.

भूकंप, दुष्काळ आणि माणसाची जबाबदारी

आतापर्यंतचा विचार ईश्वर ‘आहे काय’ याविषयीचा झाला. त्याहून गंभीर प्रश्न ईश्वर मानल्याने ‘काय होते’ हा आहे. यासाठीही एक उदाहरण वर्ध्याशी जोडलेले आहे. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींचा अस्पृश्यतानिवारणाचा दीर्घ दौरा वर्धा येथून सुरू झाला. तो चालू असताना १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप होऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा आहे, असे गांधीजींनी जाहीरपणे सांगितले. रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्यास तात्काळ आक्षेप घेतला. भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, हे त्यांच्या आक्षेपाचे सार होते.

अस्पृश्यता हे पाप आहे, याविषयी आपले दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ते पाप सिद्ध करण्यासाठी भूकंपाची साक्ष काढली की काय होते ते पाहावे. त्या भूकंपात अस्पृश्यांच्या झोपड्याही कोसळल्या. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाही शिक्षा देणारा हा न्यायाधीश कसला? शिवाय कोणी सनातनी उद्या म्हणू शकतो की मंदिरे अस्पृश्यांस खुली केली म्हणूनच धरणी कोपली. दोघांचाही ईश्वर सारखाच अदृश्य असल्याने कोणाचा अर्थ खरा, हे ठरविण्याचे साधन उरत नाही. चांगल्या हेतूसाठी उसना घेतलेला ईश्वर वाईट हेतूसही तितक्याच सहजतेने उपलब्ध असतो. चातुर्वर्ण्य ईश्वरनिर्मित आहे असे सांगणाऱ्यांनी हजारो वर्षे हेच केले.

भूरिदत्त जातकात नेमका हाच प्रश्न बोधिसत्त्वाने विचारलेला आहे. ब्रह्मा जर सर्व जगाचा स्वामी असेल, तर त्याने जगात एवढे दुःख, कपट व अन्याय का निर्माण केला? दिसत असूनही तो ते दुरुस्त का करीत नाही? सामर्थ्य असून करीत नसेल तर तो करुणामय नव्हे. करुणा असून करू शकत नसेल तर तो सर्वसमर्थ नव्हे.

अंगुत्तर निकायातील तित्थायतन सुत्तात तथागतांनी या चर्चेस निर्णायक वळण दिले आहे. मनुष्य जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, असे एक मत. ते सर्व ईश्वरनिर्मितीमुळे, असे दुसरे मत. ते सर्व विनाकारण, असे तिसरे मत. तथागत म्हणतात की या तिन्ही मतांचा शेवट एकच होतो. तसे असेल तर हिंसा करणारा, चोरी करणारा हाही ईश्वरामुळेच, पूर्वकर्मामुळेच किंवा विनाकारणच तसा झाला म्हणावे लागेल. आणि मग ‘हे करावे, हे करू नये’ असा संकल्प व प्रयत्नच उरणार नाही. बंगालच्या दुष्काळात गोरांनी जे डोळ्यांनी पाहिले, त्याचे निदान या सुत्तात आधीच लिहून ठेवलेले होते.

हे सुत्त आपल्यावरही दृष्टी रोखते, हे विसरता कामा नये. ईश्वरास पुरावा मागणारा बौद्ध जर ‘मागच्या जन्मीचे कर्म’ म्हणून गरिबी, रोग किंवा जात यांचे समर्थन करू लागला, तर त्याने ईश्वराच्या रिकाम्या आसनावर दुसऱ्यास बसविले एवढेच. म्हणूनच बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच कर्म व पुनर्जन्म यांविषयीचा प्रश्न उघडपणे उपस्थित केला आणि गतजन्मीचे कर्म या जन्माच्या दशेस कारण ठरविणारा सिद्धांत धम्मात बसत नाही, असे प्रतिपादन केले. जी कसोटी परक्यास, तीच स्वतःस; तरच ती कसोटी.

नाव गेल्यावर काय उरते?

सेवाग्रामच्या संवादाचा शेवट मोठा अर्थपूर्ण आहे. गोरांनी आपल्या मोठ्या मुलीचा विवाह अस्पृश्य समाजातील तरुणाशी ठरविला. तो सेवाग्रामला व्हावा अशी गांधीजींची इच्छा होती. नास्तिकाच्या घरच्या विवाहात ‘ईश्वरास साक्ष ठेवून’ हे शब्द कसे म्हणावयाचे, हा प्रश्न आला, तेव्हा त्या जागी ‘सत्यास साक्ष ठेवून’ असे म्हणण्यास गांधीजी तयार झाले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. त्यानंतर मार्च १९४८ मध्ये तो विवाह सेवाग्राम येथेच पार पडला.

गांधीजींनी पूर्वीच ‘ईश्वर सत्य आहे’ या विधानाऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ असे म्हणण्यास आरंभ केला होता. परंतु सत्यालाच ईश्वर म्हणावयाचे असेल तर ईश्वर हा शब्द ठेवण्याचे प्रयोजन काय? सत्य शोधण्यास प्रार्थना लागत नाही, प्रमाण लागते. त्या विवाहात ईश्वराचे नाव वगळले गेले. म्हणून वधूवरांच्या वचनाचे बळ कमी झाले नाही, वा जातीची भिंत ओलांडण्याचे महत्त्वही उणावले नाही. नाव गेल्यावर जे उरले तेच मुळात सर्व काम करीत होते. ते म्हणजे दोन माणसांचे परस्परांस दिलेले वचन, आणि समाजाने घेतलेली नैतिक जबाबदारी.

बाबासाहेबांचा ईश्वरविषयक विचार येथेच येऊन पोहोचतो. ईश्वरावर विश्वास आला की पूजा व प्रार्थना येते. प्रार्थना आली की पुरोहित येतो. आणि पुरोहित सम्मादिट्ठीचा नाश करतो, ही कारणमालिका त्यांनी दाखवून दिली. ईश्वराचे स्थान त्यांनी रिकामे ठेवले नाही. तेथे नीतीस बसविले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो स्त्रीपुरुषांनी, ज्यांत आपल्या जिल्ह्यातील वाडवडीलही होते, देवदेवता न मानण्याच्या प्रतिज्ञा घेतल्या. त्याबरोबरच दया, शील, समता यांच्याही प्रतिज्ञा घेतल्या. पहिल्या प्रतिज्ञा दुसऱ्यांसाठी जागा मोकळी करतात. दुसऱ्या पाळल्या नाहीत, तर पहिल्या केवळ नकार होऊन राहतात.

तेव्हा विहारात प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणास असे सांगता येईल : ईश्वर नाही हे सिद्ध करण्याचे ओझे तुझ्यावर नाही, म्हणून ते वाहू नकोस. संशय आला याची लाज बाळगू नकोस. परंतु संशयावर बसूनही राहू नकोस. आई आजारी पडली तर खुंटास नवस करू नकोस, तिला दवाखान्यात ने आणि रात्री तिच्या उशाशी जागा राहा. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावताना परीक्षेतील गुण मागू नकोस. तसे केल्यास आंधळ्यांच्या त्याच रांगेत आणखी एक जण वाढेल. पलीकडचा तीर हाकेने येत नाही. नाव आपणच बांधावयाची असते आणि वल्हेही आपणच मारावयाचे असते.